अर्धी गोळी

"मामा, डावीकडून खाली आलंय."

आप्पा, माझे वडील, स्टुलावर उभे होते. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने माझ्या सर्टिफिकेटची फ्रेम भिंतीला दाबून धरलेली. खाली काउंटरला टेकून नरसक्का त्यांना सूचना देत होती.

"आता उजवीकडून आलं. औषधं पण अशीच मापता का ओ?"

"गप की जरा. खिळा बोटात जाईल."

"जाऊ द्या. आता दुकानात शिकलेली मॅडम बसलीय. पट्टी बांधेल."

मॅडम म्हणजे मी. वय तेवीस. पुण्याहून बी. फार्म. होऊन आले त्याला आठवडाच झाला होता. तोपर्यंत त्या भिंतीवर दुसऱ्याच माणसाचं सर्टिफिकेट होतं. तो बार्शीला राहायचा आणि वर्षातून दोनदा सह्या करायला यायचा. दुकान चालवायचे आप्पा. ते डॉक्टर कानड्यांकडे बावीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर वारल्यावर त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत हे दुकान टाकलं. शिक्षण सातवी. वस्तीतल्या बायका त्यांना कंपाउंडर मामा म्हणायच्या आणि खोकला, खरूज, जुलाब, पोरांचे कान, सगळं त्यांच्यासमोर मांडायच्या. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस, सरकारी दवाखान्यात पूर्ण दिवस. दिवस गेला की हजार विड्या गेल्या. मामांकडे दोन मिनिटांत काम व्हायचं.

फ्रेम सरळ झाली. आप्पा खाली उतरले, दोन पावलं मागे गेले. त्यांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं होतं, पण माझं नाव त्यांनी एकेक अक्षर जोडत शेवटपर्यंत वाचलं.

"झालं का?" नरसक्का म्हणाली. "मग माझी पुडी द्या."

ही पुडी मला लहानपणापासून माहीत होती. आप्पा जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापून ठेवायचे आणि एकेका चौकोनात तीन गोळ्या बांधायचे. एक गुलाबी, दुखण्यावरची. एक पिवळी, पित्ताची. एक बारीक पांढरी. शाळेच्या सुट्टीत मीही त्या पुड्या बांधल्या होत्या. पांढरी कसली, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी बरणी उचलली आणि वाचलं. मग नरसक्काकडे पाहिलं.

मी पुण्याला गेले तेव्हा ती वाळकी, नाकेली बाई होती. आता तिचा चेहरा गोल झाला होता, गालांवर लाली होती, मानेमागे मांस चढलं होतं. हातपाय मात्र काटकीसारखे, आणि कोपराखाली कातडीवर निळे-जांभळे डाग. आल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, अक्का, अंगात भरलीस की. आमच्या पुस्तकात असं एक चित्र होतं. तंतोतंत तसं. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. ओळखता आलं, याचा आनंद झाला.

"अक्का, ही पुडी कधीपासून घेतेस?"

"तू शिकायला गेलीस ना बिड्डा, त्याच्या आसपास." त्यांच्या तेलुगूत लेकराला बिड्डा म्हणतात. ती मला पहिलीपासून तेच म्हणायची. "रोज एक. सकाळी बोटं अशी असतात बघ." तिने दोन्ही हात पुढे केले आणि बोटं अर्धीच मिटून दाखवली. "पुडी घेतली की तासाभरात वळतात. मग सूप मांडीवर घेतलं की संध्याकाळपर्यंत हजार विड्या होतात. सून आहे जोडीला, पण ती अजून पाचशेच्या वर जात नाही. माझी बोटं थांबली की घर थांबलं."

आप्पांनी पुडी दिली. तिने ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि जाता जाता फ्रेमकडे पाहून म्हणाली, "फोटो नाही लावला? नुसतं लिहिलेलं कोण वाचणार?"

दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही डबा खाल्ला. मी बरणी दोघांच्या मध्ये ठेवली.

"आप्पा, हे स्टिरॉइड आहे."

"डेक्सा. ठाऊक आहे."

"हाडं ठिसूळ होतात. साखर वाढते. पोटात जखमा होतात. ही काय अंगदुखीला रोज द्यायची गोळी आहे?"

"डॉक्टर द्यायचे. चार-पाच दिवस द्यायचे. बायांना गुण यायचा, त्या परत मागायच्या. डॉक्टर गेले, बाया मागत राहिल्या." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी देत राहिलो."

"सोमवारपासून बंद."

"करू बंद." ते थोडा वेळ जेवले. मग म्हणाले, "नरसक्काची मात्र एकदम करू नको. डॉक्टर म्हणायचे, या गोळीला दारातून हाकलायचं नसतं. हाताला धरून बाहेर सोडायचं असतं."

"म्हणजे काय?"

"रोजची ती दिवसाआड. मग अर्धी. मग चतकोर. असं दोन-तीन महिने."

"का पण?"

"ते नाही सांगितलं त्यांनी. एकदम सोडली तर माणूस खचतं म्हणायचे."

मला हसू आलं. तंबाखू सोडणारे असंच बोलतात, हळूहळू कमी करतो. बावीस वर्षं गोळ्या मोजणाऱ्या माणसाला कारण विचारलं, तर ते त्याच्याकडे नव्हतं. मी म्हणाले, "कारण माहीत नसलेली गोष्ट मी या फ्रेमखाली करणार नाही. तिला मी डॉक्टरकडे पाठवते. ते बघतील."

"ती जाणार नाही."

"तुम्ही गोळी देताय तोवर नाहीच जाणार."

आप्पांनी डबा बंद केला. "बरं," म्हणाले. "तुझं नाव आहे वर."

सोमवारी मी काउंटरवर पुठ्ठा लावला: तीन गोळ्यांची पुडी यापुढे मिळणार नाही. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना सांगितलं. काही बायका भांडल्या, काही कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानाकडे वळल्या. नरसक्का दहाच्या सुमाराला आली. मी तिला बसवून सगळं समजावलं. चेहऱ्याची सूज, हाडं, साखर. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जाडी नाही झाले?"

"नाही अक्का. ती गोळीची सूज आहे."

"अरे देवा. आणि मी सुनेला सांगत होते, तुझ्या हातचं अन्न लागलं."

आप्पा पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे हलले. मीही हसले. मग मी चिठ्ठी लिहिली. सरकारी दवाखाना, कोणता विभाग, कोणता वार, काय सांगायचं. ती घडी तिने पुडी ठेवायच्या पिशवीत टाकली.

"आणि तोवर बोटांचं काय?"

मी तिला साध्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि गरम पाण्याचा शेक सांगितला.

"दुसऱ्या दुकानातून पुडी आणू नकोस," मी म्हणाले.

"मी कुठं जाते दुसरीकडं? दुसऱ्याच्या हातची गोळी मला लागू पडत नाही." तिने आप्पांकडे पाहिलं. "काय ओ मामा, मुकादमीण बसवली तुम्ही दुकानात."

त्यानंतर आठवडाभर ती दिसली नाही. मी समजले, दवाखान्यात गेली असेल. आप्पा दोनदा शटरपाशी उभं राहून तिच्या बोळाकडे बघत होते. मी काय बघताय विचारलं तर म्हणाले, ऊन.

ऊन होतंच. मे महिन्याचा तिसरा आठवडा. पारा चव्वेचाळीसला टेकला होता. पुठ्ठा लावल्याला नऊ दिवस झाले होते. सकाळी अकराला नरसक्काची सून पद्मा तिला धरून घेऊन आली. डोक्यावर आणि हातांवर ओलं फडकं गुंडाळलेलं. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती बाजूला झाली.

"रात्रीपासून तीनदा उलटी," पद्मा म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणतात. उठल्या की तोल जातो. चार दिवस झाले, जेवण नाही, सुपाला हात नाही. नुसत्या पडून आहेत."

"काही नाही बिड्डा," नरसक्का म्हणाली. आवाज खोल गेला होता. "ऊन लागलं."

मी तिला स्टुलावर बसवलं. नाडी पाहिली. जलद होती, आणि बारीक. जीभ कोरडी. मनगट गार लागलं, पण त्यावर नुकतंच ओलं फडकं होतं. त्या आठवड्यात उन्हाने आजारी पडलेली ती दुकानातली सातवी की आठवी. मी जे करायचं ते सगळं केलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी आमच्याकडे तयार असायचं. त्यात जलसंजीवनीची पुडी फोडली, चमच्याचमच्याने पाजली. उलटी थांबायची गोळी दिली. पद्माला घरी न्यायला आणखी पुड्या दिल्या आणि कसं पाजत राहायचं ते तोंडी सांगितलं. कॉलेजात आमचे सर म्हणायचे, अर्धे आजार औषधाच्या दुकानातच नीट हाताळता येतात, हाताळणारा शिकलेला हवा. मला ते वाक्य त्या वेळी आठवत होतं.

"गिरिजा."

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या तळहातावर बारीक पांढऱ्या गोळीचा अर्धा तुकडा होता. ब्लेडने कापलेला. खालच्या खणातली बरणी त्यांनी काढली होती.

"ही दे तिला. अर्धीच. आजच्यापुरती."

गिऱ्हाइकं बघत होती. मला लाज वाटली. त्यांच्याबद्दल, आणि वरच्या फ्रेमबद्दल.

"आप्पा, ठेवा ते. तिला उलट्या होतायत आणि तुम्ही पोट जाळणारी गोळी देताय?"

"एकदा ऐक."

"कारण सांगा. मी ऐकते."

आप्पांनी तळहात तसाच पुढे धरला. नरसक्काने मान वर केली. डोळे अर्धवट मिटलेले होते, तरी तिने त्यांच्याकडे बघून हात हलवला.

"राहू द्या मामा. ती शिकलेली आहे. तिचं ऐका."

आप्पांनी तो तुकडा परत बरणीत टाकला. काचेच्या बरणीत पडताना त्याचा बारीकसा आवाज झाला.

अर्ध्या तासाने तिला थोडी हुशारी आली. पाणी टिकलं. मी दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली, संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर लगेच दवाखान्यात न्या म्हणून.

"किती चिठ्ठ्या देशील गं?" नरसक्का म्हणाली. "पहिली अजून पानाच्या डब्यात आहे."

"गेली नाहीस तू?"

"जाणार होते. आधी माल द्यायचा होता कारखान्यात. मग अंगात उठायची ताकदच राहिली नाही."

मी रागावले. मोठ्यांनी लहानांवर रागवावं तशी. तिने सगळं ऐकून घेतलं. पद्माने रिक्षा थांबवली. चढताना नरसक्काने माझा हात धरला, तो रिक्षा सुटेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडत असताना समोरच्या नळावरच्या बायकांनी सांगितलं, नरसक्का पहाटे गेली. झोपेतच. ऊन लागलं. त्या आठवड्यात शहरात आणखीही माणसं उन्हाने गेली होती, पेपरात रोज आकडा येत होता. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. मी खूप रडले, पण ते रडणं साधं होतं.

पद्मा बारा दिवसांनी दुकानात आली. तिने काउंटरवर जलसंजीवनीच्या दोन न फोडलेल्या पुड्या ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी माझ्या दोन्ही चिठ्ठ्या.

"ह्या उरल्या," ती म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडतील. आणि ह्या तुमच्या अक्षरातल्या आहेत म्हणून टाकवल्या नाहीत."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"संध्याकाळी जरा बऱ्या होत्या, म्हणून नेलं नाही. तुमचंच सांगत होत्या. बिड्डानं स्वतः चमच्यानं पाजलं म्हणाल्या." ती पदराशी चाळा करत राहिली. "मॅडम, एक विचारू? मी रात्रभर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. सगळ्यांनी तेच सांगितलं. पण त्यांचं अंग तापलंच नव्हतं. गारच होतं. पाय तर मडक्यासारखे गार. उन्हाचं असंही असतं का?"

मागे आप्पा कॅलेंडरचा कागद कापत होते. कात्रीचा आवाज थांबला.

मला तेव्हा सगळं कळलं होतं. ती वाक्य पूर्ण करायच्या आतच कळलं होतं. मी म्हणाले, "असतं कधीकधी."

पद्माने मान हलवली. "मग बरं. मला वाटत होतं माझंच काही चुकलं."

ती गेल्यावर मी घरी जाऊन ट्रंक उघडली. तिसऱ्या वर्षाची वही वरच होती. स्टिरॉइडच्या प्रकरणाखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की गोळी बराच काळ घेतली की शरीर स्वतःचं ते द्रव्य बनवायचं बंद करतं. म्हणून औषध एकदम थांबवू नये, आठवड्या-आठवड्याने कमी करावं. एकदम थांबवल्यास थकवा, उलट्या, पोटदुखी, रक्तदाब उतरणं, मृत्यू. 'एकदम' या शब्दाखाली लाल शाईची रेघ होती, पट्टी लावून मारलेली. या प्रश्नाला मला परीक्षेत दहापैकी नऊ गुण होते.

मी वही घेऊन दुकानात परत आले. आप्पांसमोर ठेवली. ती इंग्रजीत होती, त्यांना वाचता येणार नाही हे मला ठाऊक होतं.

"ऊन नव्हतं, आप्पा."

"हं," ते म्हणाले.

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"कळलं नव्हतं. भीती वाटली होती. कळलं असतं तर तुला कारण सांगितलं असतं."

"मग जोर का नाही केला? मला न विचारता द्यायची होती."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"चार वर्षं मीच दिली ती गोळी," ते म्हणाले. "गोळी वाईट, हे तू बरोबरच सांगितलंस. वाटलं, हेही बरोबर असेल."

मग ते उठले, खालच्या खणातून बरणी आणि ब्लेड काढलं, आणि काउंटरवर स्वच्छ कागद अंथरला.

"वहीत कोरं पान आहे का?"

"आहे."

"लिहून घे. गंगव्वा, चाळीतली. दोन वर्षं, रोज एक. दुसऱ्या दुकानात गेली असेल तर तिथून घेत असेल, पण खात्री करायची. राजमणी, पिठाच्या गिरणीमागची. दीड वर्ष. तिला दमा पण आहे. व्यंकम्मा…"

अकरा नावं झाली. कोण कधीपासून, रोज की दिवसाआड, घर कुठं, सगळं त्यांना पाठ होतं. कागदावर यातलं काही कधी आलंच नव्हतं. मी अकराही घरी गेले. नऊजणी दुसरीकडून घेत होत्या. दोघी अंथरुणावर होत्या. त्या दोघींना मी त्याच दिवशी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि वही डॉक्टरांसमोर उघडून काय घडलं ते सांगितलं. डॉक्टर रागावले, ते योग्यच होतं. मग अकराजणींसाठी गोळी कशी उतरवायची ते त्यांनी लिहून दिलं. आप्पा ब्लेडने अर्ध्या कापायचे, मग चतकोर. मी पुड्यांवर वार लिहायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या पुडीवर रेघा काढायचे. शेवटची पुडी व्यंकम्माची, ती दिवाळीनंतर संपली. त्या दिवशी आप्पांनी बरणी धुवून उन्हात पालथी घातली. नंतर तिच्यात लवंगा ठेवल्या.

आप्पा जाऊन आता चौदा वर्षं झाली. दुकान तिथंच आहे, फ्रेमची काच एकदा बदलली. पद्मा आता सासूच्या त्या वेळच्या वयाला आली आहे. विड्याही तितक्याच वळते. त्या रात्रीचं मी तिला कधी सांगितलं नाही. दोनदा सांगायला घेतलं होतं. दोन्ही वेळा तिनेच दुसरं काहीतरी काढलं, आणि मी ते काढू दिलं.

मागच्या महिन्यात ती दुकानात येऊन काउंटरला टेकून उभी राहिली. आठवडाभर जेवण जात नाही, जिना चढला की धाप लागते.

"ताकदीचं काहीतरी द्या मॅडम. तुमच्या हाताला गुण आहे."

मी तिला बसवलं. रक्तदाब पाहिला, कपाळावर हात ठेवला, तळपायालाही हात लावून पाहिला. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसली. मी वहीत तारीख लिहिली आणि दुकानाच्या किल्ल्या घेतल्या.

"कुठं चाललात?"

"दवाखान्यात. चल."

"तुम्ही कशाला दुकान बंद करता? चिठ्ठी द्या की. मी जाईन उद्या."

"मी चिठ्ठी देत नाही," मी म्हणाले, आणि शटर ओढलं.